अँगसची जातिवंत पैदास करून विकायची आहे? मग सुरुवात अशी करा

अँगस, म्हणजे मांसासाठी पाळायची काळी, बिनशिंगी गुरं, पाळायचं डोक्यात आलं की नवीन माणूस आधी वळू बघायला धावतो, एखादा काळाभोर, सपाट पाठीचा, फोटोत उठून दिसणारा वळू आवडतो आणि मग सगळं गणित त्याच्याभोवती फिरायला लागतं. तसं करू नका. या धंद्यात तुम्ही जनावर विकताच, पण गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देतं ते त्याच्याबरोबर जाणाऱ्या नोंदीचे. बाप कोण, आई कोण, आईची किती वेतं झाली, जन्माचं वजन किती, दूध तोडतानाचं किती, आणि मुख्य म्हणजे हे सगळं खरं लिहिलंय का. नोंदीवरचा विश्वास एकदा उडाला की तेच जनावर साध्या काळ्या जनावराच्या भावात जातं आणि पुढची कित्येक वर्षं तुमच्या नावाचं काही विकत नाही.

मी खाली सगळं अमेरिकेतली पद्धत धरून लिहितोय, कारण नोंदी, आकडे आणि लिलाव या तिन्हीची घडी तिथे चांगली बसलेली आहे. बाकी देशात जातीच्या नोंदी ठेवणारी असोसिएशन वेगळी, फॉर्म वेगळे, पण कामाचा क्रम साधारण हाच.

थोडा इतिहास माहीत असू द्या, गिऱ्हाईक विचारतं. ही जात स्कॉटलंडच्या ईशान्येकडची, ॲबरडीनशायर आणि अँगस या भागातली. तिथल्या केलरच्या ह्यू वॉटसनने निवड करून करून बिनशिंगी काळी जनावरं पक्की केली, त्याचा १८४२ साली जन्मलेला ओल्ड जॉक हा वळू हर्ड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, एक नंबरवर आहे. आणि त्याची ओल्ड ग्रॅनी नावाची गाय १८२४ची, ती पस्तीस वर्षं जगली आणि तिला २९ वासरं झाली असं सांगतात. पहिलं हर्ड बुक १८६२ला निघालं, तिकडची सोसायटी १८७९ची. अमेरिकेत १८७३ला जॉर्ज ग्रँटने कॅन्ससमधल्या व्हिक्टोरियाला चार वळू आणले आणि १८८३ला शिकागोत असोसिएशन उभी राहिली, तिचं ऑफिस आता मिझुरीतल्या सेंट जोसेफला आहे. ओल्ड ग्रॅनीचं मुद्दाम लिहिलं, कारण अँगसची खरी ताकद गायीत आहे, दरवर्षी वासरू देणारी, विताना त्रास न देणारी, स्वतःच्या दुधावर वासरू वाढवणारी गाय. हे विसरून नुसते वळूचे आकडे पळवणारे लोक पाच-सात वर्षांत कळप विकून मोकळे होतात.

आता गिऱ्हाईक कोण ते आधी ठरवा. तुमचे नव्वद टक्के वळू दुसऱ्या ब्रीडरकडे जाणार नाहीत, ते जाणार मांसासाठी गुरं वाढवणाऱ्या कमर्शियल रँचवाल्याकडे, ज्याला कागदाची हौस नसते, त्याला हवीत सहज जन्मणारी, भराभर वाढणारी, काळी, बिनशिंगी वासरं. काळा रंग आणि शिंगं नसणं हे दोन्ही गुण प्रभावी आहेत म्हणून शुद्ध अँगस वळू कुठल्याही गायीवर सोडला तरी बहुतेक वासरं काळी आणि शिंगांशिवाय निघतात. आणि १९७८पासून सर्टिफाइड अँगस बीफ हा ब्रँड चालू आहे, त्यात बसायला जनावराची कातडी बहुतांशी काळी लागते, शिवाय मांसाच्या प्रतीच्या अटी वेगळ्या. म्हणून काळ्या वासरांना बाजारात मागणी राहते. तुमच्या आसपास असा रँचवाला काय मागतो हे त्याच्या कुंपणाशी उभं राहून ऐका, आणि मगच जनावरं घ्या. डोंगराळ, उंचावरचा भाग असेल तर तिथे फुप्फुसाच्या रक्तदाबाचा प्रश्न येतो, उंचीवर काही जनावरं छातीत पाणी होऊन मरतात, तिथलं गिऱ्हाईक हा रक्तदाब मोजणारी पीएपी टेस्ट विचारणारच.

जनावरं घेताना

सुरुवात कालवडी किंवा गाभण गायींपासून करा, वळूपासून नको. चांगल्या वळूचं सिमेन (वीर्य) स्ट्रॉमध्ये, म्हणजे बारीक नळीत, विकत मिळतं, चांगली गाय स्ट्रॉमध्ये मिळत नाही. माझं मत विचाराल तर एखाद्या जुन्या, नीट नोंदी ठेवणाऱ्या कळपातल्या तीन-चार वेतांच्या गायी घ्या, त्या कालवडींपेक्षा कमी दिखाऊ असतील पण त्यांनी स्वतःला सिद्ध केलेलं असतं, दरवर्षी वेळेवर व्यालेली आहे का हे कागदावर दिसतं. मोठ्या लिलावातली सगळ्यात महाग कालवड घेऊन सुरुवात करणं हा नवख्यांचा आवडता छंद आहे आणि तो परवडत नाही.

गाय बघताना आधी पाय. चालवून बघा, समोरून, मागून, बाजूने. खुरांच्या दोन्ही बोटांचा आकार सारखा हवा, एक बोट दुसऱ्यावर वळत असेल किंवा टाच खाली बसलेली असेल तर सोडून द्या, कितीही मोठी वंशावळ असू दे. असोसिएशनचे पायाचे स्कोअर १ ते ९ असतात आणि ५ आदर्श. मग कास, सड फुगलेले बाटलीसारखे असतील तर नवं वासरू पहिल्या तासात पिऊच शकत नाही. मग स्वभाव. कोपऱ्यात माणूस दिसला की डोकं वर करून फुरफुरणारी गाय घरी आणू नका, तिच्या मुली पण तशाच निघतात आणि तुमच्या घरातलं कुणीतरी एक दिवस दवाखान्यात पोचतं.

नवी जनावरं आणली की महिनाभर वेगळी ठेवा, बीव्हीडी या विषाणूच्या आजाराची टेस्ट करून घ्या (कानाचा छोटा तुकडा लॅबला जातो), जोन्स या आतड्याच्या आजाराबद्दल विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. वापरलेला वळू घेणार असाल तर ट्रिकोमोनियासिसची टेस्ट झाल्याशिवाय कळपात सोडायचा नाही, हा आजार वळूला काहीच दाखवत नाही आणि गायी मात्र गाभण राहून उलटत राहतात, सीझन निघून गेल्यावर कळतं.

आकडे कसे वाचायचे

ईपीडी म्हणजे या जनावराची पिल्लं दुसऱ्याच्या पिल्लांपेक्षा सरासरी किती वेगळी निघतील त्याचा अंदाज. एका वळूचा जन्मवजनाचा ईपीडी शून्य आणि दुसऱ्याचा +४ असेल तर सारख्याच गायींवर दुसऱ्याची वासरं सरासरी ४ पौंड जड जन्मतील, इतकंच. एकटा आकडा काही सांगत नाही, दोघांतला फरक सांगतो. आणि दुसऱ्या जातीच्या आकड्याशी थेट तुलना करायची नाही, त्यांचा पाया वेगळा असतो. प्रत्येक आकड्याखाली ॲक्युरसी असते, ० ते १, नव्या खोंडाची कमी असते म्हणून त्याचा आकडा पुढे हलू शकतो, शंभर वासरं झालेल्या वळूचा फारसा हलत नाही. डीएनए टेस्ट केली की कोवळ्या वासराची ॲक्युरसी वाढते, म्हणून विकायच्या प्रत्येक खोंडाची ही टेस्ट करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, त्यातच आईबापाची खात्रीही होते.

एकाच आकड्याच्या मागे लागू नका. हे या जातीने स्वतः भोगलंय. १९५०च्या आसपास शोमध्ये बुटकी, गुबगुबीत जनावरं जिंकायची, वळू माणसाच्या जेमतेम कमरेपर्यंत यायचे, त्याच काळात बुटकेपणाचा दोषही पसरला. मग लंबक उलटा फिरला आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात उंची उंची करत एवढी लांब टांगांची जनावरं आली की त्यांना खायला घालून घालून मालक थकले. आज तीच चूक इयरलिंग (वर्षाच्या वयाच्या) वजनाच्या आकड्याबाबत होऊ शकते, वजन वाढलं की गायीही मोठ्या होतात आणि मोठी गाय जास्त खाते, कोरडं वर्ष आलं की ती गाभण राहत नाही.

दोष असलेले जीन

हा भाग गाळू नका. २००८ला एएम नावाचा दोष समोर आला, लोक त्याला कर्ली काफ म्हणतात, वासरू वाकड्या पाठीचं आणि मेलेलं जन्मतं. पाठोपाठ २००९ला एनएच, मग सीए, २०१३ला डीडी, असे आणखी जन्मजात दोष सापडले. हे सगळे दबलेले दोष आहेत म्हणजे वाहक जनावर दिसायला एकदम उत्तम असतं, दोन वाहक एकत्र आले तर सरासरी चारात एक वासरू बाधित. लाल रंगाचंही गणित तेच, दोन काळ्या पण लाल रंग वाहणाऱ्या जनावरांपासून चारात एक लाल निघतं आणि अमेरिकन अँगसच्या पुस्तकात लाल जनावराची नोंद होत नाही (लाल अँगसची वेगळी असोसिएशन आहे, १९५४ची). एका स्वस्त टेस्टने हे सगळं कळतं. वाहक जनावर लपवून विकणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा समजा, कॅटलॉगमध्ये स्पष्ट छापा, गिऱ्हाईक त्यासाठी तुम्हाला मान देतं.

भरवणं

कालवडी साधारण १४-१५ महिन्यांच्या झाल्या आणि मोठेपणीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्क्यांवर पोचल्या की भरवायला, म्हणजे गाभण करायला, घ्या. त्यांच्यासाठी वळू निवडताना काफिंग ईझचा (विणं किती सोपं जाईल त्याचा) आकडा सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. कृत्रिम रेतन शिकून घ्या किंवा चांगला टेक्निशियन धरा. साधा नियम, सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बऱ्याच गायी एकदम करायच्या तर सीडार (योनीत ठेवायचं हार्मोनचं साधन) लावून सात दिवसांचा प्रोग्रॅम असतो, तो डॉक्टरकडून लिहून घ्या आणि तासांची वेळ पाळा. सिमेन उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये असतं, टाकीतला नायट्रोजन पट्टीने मोजत राहायचा, स्ट्रॉ काढताना टाकीच्या तोंडाच्या वर रेंगाळायचं नाही, ३५-३७ डिग्रीच्या पाण्यात पाऊण मिनिट सोडायची, पाणी हाताने अंदाजाने नाही, थर्मामीटरने. रेतनाच्या मागून, गाभण न राहिलेल्या गायींसाठी वळू सोडायचा असेल तर मधे दहा-बारा दिवस जाऊ द्या म्हणजे वासरू कुणाचं ते तारखेवरून कळतं. तरीही शंका आली तर डीएनए. अंदाजाने बाप लिहायचा नाही, कधीच नाही.

कोवळा वळू जितक्या महिन्यांचा तितक्याच गायी त्याला द्या, पंधरा महिन्यांचा असेल तर पंधरा. भरवायचा सीझन ६० दिवसांत उरका. गाभण राहिली नाही ती गाय विका, कितीही लाडकी असली तरी, कारण गाभणपणाचे साधारण २८० दिवस वजा केले तर वर्षाला एक वासरू द्यायला तिच्याकडे व्याल्यानंतर ८०-८५ दिवसच उरतात आणि ज्या गायीला ते जमत नाही तिच्या मुलींनाही जमायला कठीण जातं.

वेताचे दिवस आणि वही

वितीच्या महिन्यात तुमची झोप जाणार, ते धरूनच चाला. बरोबर लागलेलं वासरू पुढचे दोन खूर तळवे खाली करून आणि त्यावर नाक टेकवून येतं. तळवे वर दिसले तर बहुतेक मागचे पाय आहेत, डॉक्टरला फोन लावा. पाय दिसायला लागल्यावर कालवडीला तासभर आणि गायीला अर्धा तास होऊनही पुढे सरकत नसेल तर थांबू नका. वासरू पडलं की नाक मोकळं करा, नाळेला आयोडीन, आणि दोन तासांत ते उठून पितंय का बघा, चीक पोटात जायला उशीर झाला तर नंतर कितीही पाजला तरी त्यातली ताकद शरीर घेत नाही. वार बारा तासांत पडायला हवी, पडली नाही तर ओढू नका.

मग नोंद. चोवीस तासांच्या आत वजन करा, तराजूवर करा, पायाला हात लावून अंदाज नको. खिशात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवा, पेन थंडीत आणि पावसात चालत नाही. तारीख, आईचा नंबर, नर की मादी, वजन, विताना मदत लागली का, कास कशी, आई मारायला आली का. मदत लागली असेल तर लिहायचंच, "बाकी सगळ्यांना सोपं गेलं, हे एकच" म्हणून ते सोडून दिलं की तुमच्या वळूचा आकडा खोटा झाला आणि तो विश्वासाने विकत घेणाऱ्या माणसाची कालवड रात्री दोन वाजता अडकणार.

टॅटू हे नोंदणीचं कायमचं ओळखपत्र, बिल्ले पडतात, टॅटू राहतो. कानाच्या आतली मेणचट घाण स्पिरिटने पुसून काढा, केस दाट असतील तर कापा, मग शिरांच्या दोन उभारांच्या मधल्या जागी चिमटा दाबा, शीर फुटली की शाई रक्ताबरोबर वाहून जाते. काळ्या कानाला हिरवी शाई वापरा, काळी दिसत नाही. आधी हिरवी पेस्ट, मग चिमटा, मग अंगठ्याने किंवा जुन्या टूथब्रशने छिद्रांत चोळून चोळून भरायची. चिमट्यातले आकडे आधी कागदावर दाबून बघा, उलटे लागलेले असतात बऱ्याचदा. कालवडींना ब्रुसेलोसिसची लस ४ ते १२ महिन्यांत मान्यताप्राप्त डॉक्टर देतो आणि त्याचा टॅटू उजव्या कानात येतो, तेव्हा तिथे जागा सोडा.

दूध तोडतानाचं वजन २०५ दिवसांवर आणि इयरलिंगचं ३६५ दिवसांवर हिशेबाने आणतात. एकाच कुरणात, एकाच खुराकावर वाढलेल्या वासरांच्या गटाची वजनं असोसिएशनला एकत्र पाठवा आणि सगळ्यांची पाठवा, खराब वासरं गाळून फक्त चांगल्यांची पाठवली तर चांगल्याला चांगलं म्हणायला मागे कुणी उरतच नाही, आकडा उलट खालीच येतो. दोन वासरांना गोठ्यात वेगळा खुराक दिला असेल तर ती वेगळ्या गटात दाखवा. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण धंदा इथेच बनतो.

कुठला खोंड वळू राहणार

२० गायी धरा, दहाच्या आसपास खोंड होतील. त्यातले सगळे वळू म्हणून विकायचे नाहीत. दूध तोडताना तळातले तीन-चार खच्ची करून टाका, इयरलिंगला आणखी एक-दोन जातील, पाय, स्वभाव, अंडकोष, कशानेही. राहिले चार-पाच, ते विका. नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं कारण कागद तर सगळ्यांनाच मिळतो, आणि कागद आहे म्हणून खोंड वळू झाला असं वाटायला लागतं. खच्ची केलेल्याचे पैसे कमी येतात पण येतात, वाईट वळू विकल्याचं नुकसान मात्र गिऱ्हाइकाच्या कळपात दहा वर्षं चरत राहतं. पैशाचं गणितही आत्ताच मांडा: आज गाय भरवली तर नऊ महिन्यांनी वासरू, आणि ते वळू म्हणून विकायला आणखी वर्ष ते दीड वर्ष. पहिला चेक दोन वर्षांनंतर. तेवढा चारा घालायची तयारी असेल तरच उतरा.

खोंड वाढवताना तूप लावल्यासारखे चमकवू नका. जास्त धान्य घातलं की खूर बिघडतात, अंडकोषाच्या वर चरबी साचते आणि ते गरम राहून सिमेन खराब होतं, विक्रीच्या दिवशी देखणा दिसतो आणि कुरणात सोडला की महिन्यात हाडं. त्यांना मोठ्या जागेत चालू द्या, पाणी एका टोकाला आणि खुराक दुसऱ्या टोकाला ठेवा.

विक्री

विकण्याआधी प्रत्येक वळूची ब्रीडिंग साउंडनेस परीक्षा (तो गायी गाभण घालण्याजोगा आहे का याची) डॉक्टरकडून करून घ्या. अंडकोषाचा घेर पंधरा महिन्यांपर्यंत किमान ३० सेंटिमीटर, दोन वर्षांच्या पुढे ३४, शुक्रजंतूंत किमान ३० टक्के हालचाल आणि ७० टक्के नीट आकाराचे. नापास झाला तर कोवळा असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, मोठा असेल तर सोडून द्या. नापास वळू "याला थोडा वेळ द्या" म्हणून स्वस्तात विकायचा नाही.

पहिली काही वर्षं लिलाव करू नका. चार-पाच वळूंसाठी लिलाववाला, बोली टिपणारा रिंगमन, कॅटलॉग, तंबू, जेवण, हा खर्च निघत नाही. घरून विका, किंमत आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तीच सांगा. एखाद्या मोठ्या ब्रीडरच्या लिलावात पाहुणा म्हणून दोन वळू घालता आले तर उत्तम, तिथे गिऱ्हाईक आधीच आलेलं असतं. फोटो काढताना जनावर सपाट जमिनीवर, बाजूने, पाय दिसतील असं, गवतात पाय लपवलेला फोटो बघून जाणता माणूस पुढचं पान उलटतो. त्यापेक्षा चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका.

गिऱ्हाईक आलं की आधी विचारा, कालवडींवर सोडणार की गायींवर, गायी केवढ्या, वासरं दूध तोडल्यावर विकता की ठेवता, मुली कळपात ठेवता का. उत्तर ऐकून तुमच्याकडचा वळू त्याला जमत नसेल तर तसं सांगा आणि ज्याच्याकडे आहे त्याचं नाव द्या. मुली ठेवणाऱ्याला दुधाचा आणि मोठेपणीच्या वजनाचा आकडा दाखवा, सगळी वासरं विकणाऱ्याला वाढीचा.

अटी एका कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या: पहिल्या ब्रीडिंग सीझनची गॅरंटी, वळू नापीक निघाला तर बदली मिळणार की पैसे, कुरणात पाय मोडला तर जबाबदारी कुणाची, सिमेन काढायचा हक्क कुणाकडे, पोचवण्याचा खर्च कुणाचा. नोंदणी ट्रान्सफर करून देणं हे विकणाऱ्याचं काम आहे, त्याची फी तुम्हीच भरा आणि पैसे मिळाले त्याच आठवड्यात करा, सहा महिने कागद न आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

वळू गेल्यावर पहिल्या महिन्यात एक फोन करा, काम करतोय का, लंगडतोय का, वजन किती उतरलं. कोवळा वळू पहिल्या सीझनमध्ये बारीक होणारच, त्याला नंतर खायला घाला हे सांगा. दुसरा फोन त्याची वासरं पडायला लागली की, जन्मवजन आणि अडलेल्या विती विचारा आणि त्या तुमच्या वहीत त्या वळूच्या आईच्या पानावर लिहा, पुढच्या वर्षी तिला कुठल्या वळूची स्ट्रॉ लावायची ते त्या पानावरून ठरवता येतं.